अनोळखी नाव मी चालू ठेवलं

धाड गावच्या बाजारओळीत माझं टायपिंगचं दुकान आहे. अर्ज, झेरॉक्स, आणि मुख्य म्हणजे मुलींच्या लग्नाचे बायोडाटे. अशी पुरुषांची दुकानं आणखी दोन आहेत, पण मुलीचा फोटो, जन्मवेळ, फोन नंबर असं सगळं बाईच्या हाती दिलेलं बरं, म्हणून आया माझ्याकडे येतात. मला याचा तोरा होता आणि तो मी लपवतही नव्हते.

मागच्या हिवाळ्यात कॉम्प्युटर विनाकारण तापायला लागला. गिऱ्हाईक नसताना, भर दुपारी, मी नुसती बसलेली असले तरी आतला पंखा घरघरायचा. आत दुसरंच कुणी कामाला बसलंय असं वाटायचं. दुरुस्तीवाला बुलढाण्याहून यायला चार दिवस लावतो आणि वर मलाच अक्कल शिकवतो, म्हणून आत काय काय चालू आहे ते दाखवणारा टास्क मॅनेजर मी स्वतःच उघडला. बघते तर नावांची ही लांबलचक यादी, आणि त्यातले मी सुरू केलेले प्रोग्रॅम फक्त तीन.

मी वही घेतली. एकेक नाव लिहायचं, मोबाईलवर शोधायचं, पुढे अर्थ टिपायचा. हे प्रिंटरचं, हे अँटिव्हायरसचं, हे आवाजाचं. मजाही वाटायला लागली. शेवटी एकच उरलं. नाव विंडोजचंच, पण त्याची फाईल विंडोजच्या फोल्डरात नव्हती. बायोडाट्यांच्या नक्षीसाठी मी एक फुकटचा प्रोग्रॅम उतरवला होता, त्याच्या पोटात ती बसलेली. आणि मी एखादा फोटो सेव्ह केला की त्याच्यासमोरचा इंटरनेटचा आकडा हलायचा, म्हणजे काहीतरी बाहेर जात होतं.

तेव्हाच ते बंद करायला हवं होतं. पण आमच्या सामायिक विहिरीवर चार घरांच्या मोटारी आहेत आणि सासऱ्यांचा दंडक असा, की चालू मोटार कुणाची ते ठाऊक नसेल तर स्टार्टरला हात लावायचा नाही. कुणाची तरी पाळी असेल, आपण बंद केली तर त्याचं शेत भिजायचं राहील. लग्न होऊन आल्यापासून हे माझ्या अंगात मुरलेलं. माऊसचा बाण 'एन्ड टास्क'वर नेला आणि मागे घेतला. असेल कशाचं तरी, म्हटलं. वहीत प्रश्नचिन्ह टाकलं आणि कामाला लागले.

त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी एक आई मुलीला घेऊन आली. मुलगी नर्सिंगला शिकणारी, लाजरी. मी माझ्या फोनवर तिचे तीन फोटो काढून कॉम्प्युटरवर घेतले आणि फोनवरून लगेच पुसले. तिसऱ्यात ओढणी घसरलेली आणि ती खळखळून हसत होती. तो आईनं नको म्हटला. कॉम्प्युटरवरून तो काढायचा माझ्याकडून राहिला. यादीतला तो आकडा तेव्हाही हलत होता. मी पाहिलं आणि कानाडोळा केला.

आठ दिवसांनी आई एकटीच आली. मुलीला कुणा अनोळखी माणसाचे फोन येत होते. तिची जन्मवेळ, मामाचं गाव, कॉलेज, सगळं तो घडाघडा सांगायचा. भेटायला ये, नाहीतर हे गावभर करतो म्हणायचा. पोरीनं कॉलेजला जाणं सोडलं होतं, जेवत नव्हती. आईनं मोबाईल माझ्यापुढे धरला. त्यानं पाठवलेला फोटो तिसरा होता, ओढणी घसरलेला.

मी आधी इंटरनेटची वायर उपटली, मग त्या फोल्डराच्या आत गेले. इतके दिवस आत डोकावण्याची तसदीही मी घेतली नव्हती. आत माझ्याच कॉम्प्युटरच्या पडद्याचे फोटो होते, थोड्या थोड्या वेळानं काढलेले. एकीचा बायोडाटा, दुसरीचा, तिसरीचा. आणि मधेच एकात टास्क मॅनेजर उघडा होता, बाण 'एन्ड टास्क'वर टेकलेला. मी त्याच्याकडे बघत होते तेव्हा ते माझ्याकडे बघत होतं.

आई माझ्या खांद्यावरून सगळं पाहत होती. तिनं हळूच विचारलं, "बाई, तुमाले हे माईत होतं?"

खोटं बोलता आलं असतं. मी हो म्हटलं, तुम्ही पोरीला घेऊन आलात त्याच्याही आधीपासून.

ती स्टूल ओढून माझ्यासमोर बसली. "पोलिसात तं आपण जाऊच. पण पह्यले बाकीच्या पोरींच्या मायांले फोन लावा. माह्यासमोर लावा."

मी बायोडाट्यांची फाईल काढली आणि वरचा पहिला नंबर लावला. पलीकडच्या बाईनं माझा आवाज ओळखला. मी तोंड उघडायच्या आत ती आनंदानं म्हणाली, "बोला बाई, स्थळ आलं काय आमच्या पोरीले?"