सिस्टर माझ्याकडे का येत

सिस्टर शरीराच्या कुठल्याही भागाचं नाव आवाज खाली न आणता घेत. लिफ्टमध्ये चार माणसं उभी असली तरी "पोट साफ होतं का तुझं?" असं सरळ विचारत. इथे आखातात, गुदैबियातल्या आमच्या इमारतीत त्या माझ्या वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. मूळच्या अकोल्याच्या, इथल्या एका क्लिनिकमध्ये नर्स. नावाने त्यांना कुणीच हाक मारत नसे.

दोन बाळंतपणं झाली, मग वजन उतरवलं, आणि माझी छाती पार ओघळली. ती वर उचलून घेण्याचं ऑपरेशन ठरवलं तेव्हा नवऱ्याखेरीज फक्त सिस्टरना सांगितलं. "कशाला?" असं त्यांनी विचारलं नाही. समोर बसवून म्हणाल्या, "डॉक्टर गोड सांगतील, मी खरं सांगून राहिले. सूज महिना-दीड महिना राहते. कधी बधिर वाटेल, कधी मुंग्या येतील. हात डोक्याच्या वर न्यायचे नाहीत, पोरांना उचलायचं नाही. व्रण फिके होतात, जात नाहीत. आणि पहिल्यांदा आरशात पाहशील तेव्हा रडशील. त्या रडण्याचं काही मनावर घेऊ नको."

मी रडलेच. नवरा लांब झल्लाकला रिसॉर्टवर शिफ्टला असायचा. ड्यूटी संपली की सिस्टर रोज येत, पट्टी बघत, माझे हात वर जात नव्हते म्हणून केस धुऊन देत.

इथल्या मराठी मंडळातल्या बायकांना मी पित्ताशयाचं ऑपरेशन सांगितलं होतं. तिसऱ्या आठवड्यात दोघी भेटायला आल्या. एकीने विचारलं, "पित्ताशयाला रोज नर्स लागते होय?"

मी हसून म्हणाले, "अगं, त्यांनाच यायचं असतं. एकट्या बाईला बसायला कुणाचं तरी घर लागतं. मलाच कधीकधी नको होतं."

दोघी हसल्या. दार उघडंच होतं. सिस्टर दारात उभ्या होत्या, हातात दुधीच्या भाजीचा डबा.

त्यांनी डबा ओट्यावर ठेवला, दोघींची विचारपूस केली. त्या दोघी गेल्यावर सिस्टरनी रोजच्यासारखं पाणी तापवलं. मी खुर्चीत मान मागे टाकून बसले होते. त्यांचा चेहरा माझ्या अगदी वर होता, म्हणून मी डोळे मिटून घेतले. "जास्त गरम नाही ना?" एवढंच त्या बोलल्या.

दुसऱ्या दिवसापासून बोलावल्याशिवाय त्या आल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात माझे हात वर जायला लागले, आणि मी बोलावलंच नाही.

गेल्या वर्षी त्या कायमच्या गावी निघाल्या. मी त्यांची एक बॅग खाली आणून दिली. टॅक्सीपाशी त्या थांबल्या. "ऑपरेशन लपवलंस, त्याचं मला काही नाही. शरीर तुझं आहे. पण मला लोचट ठरवलंस वं."

माफी मागायला एवढी सरळ संधी पुन्हा मिळणार नव्हती. मी म्हणाले, "पोचलात की कळवा."

त्यांनी कळवलं. मंडळाच्या ग्रुपवर, सगळ्यांना मिळून एकच ओळ.