काठीच्या वाटेवरचं डांबर

पहिल्या नोकरीत माणूस थोडा वेडा असतोच, मी जरा जास्तच होतो. डिप्लोमा करून करकंबहून सोलापूरला आलो, बांधकामाच्या कचेरीत ओव्हरसियर म्हणून चिकटलो आणि माझ्या वाट्याला जुन्या गावातले रस्ते आले. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. हातात टेप, कानावर पेन्सिल आणि पायांत असे बूट, की ते वाजले म्हणजे मलाच माझा धाक वाटावा. रस्त्यात खड्डा दिसला की मला आनंद व्हायचा. आता हे सांगितलं की घरचे हसतात, पण खरंच व्हायचा. हा मी बुजवणार, असं वाटून पाय भरभर पडायला लागायचे.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी नव्या पेठेतले एक कापडवाले कचेरीत आले. वय पन्नाशीचं, कपाळावर विभूती, धोतराची घडी अशी की दुकानातून आत्ताच काढलं असावं. त्यांच्या मागे त्यांचा धाकटा भाऊ. तो दंडाने दणकट, आणि सगळा वेळ जमिनीकडे बघत उभा.

"रस्त्याचे साहेब तुमीच का?" थोरल्यांनी विचारलं. "मला साहेब एकच खड्डा दाखवायचाय."

मी लगेच टेप उचलली.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी गड्ड्याच्या जत्रेचे नंदीध्वज निघतात, हे मला ऐकून ठाऊक होतं. माडीच्या घरांच्या वर जाणाऱ्या, सजवलेल्या, चांगल्याच जड काठ्या. त्या गावभर उभ्याच्या उभ्या न्यायच्या. काठीचा बुंधा कमरेच्या पट्ट्यात, दोन्ही हात काठीला आणि नजर वर शेंड्यावर. खाली बघायला गेलात तर काठी कलते. थोडं अंतर गेलं की ती दुसऱ्याच्या पट्ट्यात जाते. प्रत्येकाचा टप्पा ठरलेला असतो. यांच्या घराकडे असाच एक टप्पा होता. आधी वडील धरायचे, मग कित्येक वर्षं हे धरत आले होते.

गेल्या वर्षी त्यांच्या टप्प्यात काठी डुलली. पाच-सहा जण धावले म्हणून सावरली, कुणाला काही लागलं नाही. पण गावात बोभाटा झाला की आता यांचे हात गेले. वडीलधाऱ्यांनी या वर्षापुरती संधी दिली होती. पुन्हा काठी हलली तर पट्टा काढून धाकट्याला द्यायचा, असं भर बैठकीत ठरलं होतं.

"हात न्हाय हो माझे गेले," ते म्हणाले. "पाय गेला. तुमच्या खड्ड्यात."

माझं डोकं सटकलं. "माझ्या खड्ड्यात? मला रुजू होऊन चार महिने झालेत!"

"मग ह्या वर्षी गेला तर तुमच्याच खड्ड्यात की."

आम्ही जाऊन ती जागा बघितली. कुणीतरी घरात नळ घेताना रस्ता आडवा खणला होता आणि वर नुसती माती लोटून मोकळा झाला होता. माती बसली, चर पडला. वीतभर रुंद, पण वर बघत चालणाऱ्याचा पाय नेमका अडकावा असा. थोरले त्या चराकडे वैऱ्याकडे बघावं तसे बघत होते. धाकटा मात्र भिंतीला टेकून गप्प. मला वाटलं, हा टपून बसलाय. भाऊ कधी पडतो आणि पट्टा कधी मिळतो, याचीच वाट बघतोय. त्या क्षणापासून तो माणूस मला डोळ्यांसमोर नको झाला.

आमचे मोठे साहेब म्हणाले, चर बुजव आणि विषय संपव. पण मला कुठला दम! काठीचा तो अख्खा टप्पा डांबरी करायचा असं मी मनात घेतलं होतं. मी नकाशा काढला, टिपण लिहिलं, रोज त्यांच्या टेबलापुढे जाऊन उभा राहू लागलो. शेवटी ते वैतागले आणि मंजुरी देऊन टाकली. त्या संध्याकाळी काठ्यांचा सराव चालला होता, तिथे मी मुद्दाम गेलो. गर्दीत उभा राहून मान दुखेपर्यंत शेंडे बघितले. सगळे वर बघत होते, मीही वरच बघत होतो. तिथेच माझा घात झाला, पण ते मला पुढे कळलं.

कामाला जी टोळी मिळाली ती बायकांची होती. दुष्काळात खडी फोडायला शिकलेल्या, घमेलं डोक्यावर घेऊन पळाल्यासारख्या चालणाऱ्या. त्यांची म्होरकी मंद्रूपची, तिला सगळे मावशी म्हणत. आम्ही चर मोकळा केला, तळाला दगड रचले, मुरूम टाकला, पाणी मारलं आणि धुम्मसाने इतकं ठोकलं की शेजारच्या घरातली भांडी मांडणीवर नाचायला लागली. मग अख्ख्या टप्प्यावर खडी पसरली. आता डांबर आणि रोलर तेवढे राहिले होते. पण रोलर बिघडून दुसऱ्याच रस्त्यावर बसला होता. मी रोज सायकलवरून जाऊन त्याला बघून यायचो.

तो आला तेव्हा जत्रेला तीन दिवस उरले होते. काय तो दिवस! पिंपांखाली लाकडं पेटली, काळा धूर माड्यांच्या खिडक्यांत शिरला, आतल्या बायका ओरडल्या आणि पुन्हा त्याच खिडक्यांत बघायला येऊन बसल्या. डांबराच्या झाऱ्या फिरू लागल्या. मला रस्ता असा काळाभोर हवा होता की नव्या पाटीसारखा दिसावा. म्हणून मी ठरल्यापेक्षा जास्त डांबर ओतायला लावलं. मावशी म्हणाली, "लई व्हतंय साहेब." मी म्हणालो, "ओत!" वर बारीक खडी टाकली, रोलर घरघरत गेला, आला, पुन्हा गेला. संध्याकाळी तो रस्ता चकाकला आणि माझी छाती अशी फुगली की शर्टाची गुंडी तुटायचीच राहिली.

जत्रेच्या आदल्या दिवशी भर दुपारी मी माझ्या रस्त्याच्या कडेला मालकासारखा उभा होतो. ऊन चांगलंच तापलं होतं. मावशी पलीकडून माझ्याकडे यायला निघाली आणि मधेच थांबली. तिचा पाय पुढे आला, चप्पल मागेच राहिली.

"पायतान गिळलं की तुमच्या रस्त्यानं," ती म्हणाली. बाकीच्या बायका खो खो हसल्या. मीही हसलो. मग ती हसायची थांबली. "साहेब, उद्या काठीवाले कसं यायचे वो हितनं? ते तर अनवाणी असत्यात."

अनवाणी! सरावात इतके पाय माझ्यासमोरून गेले आणि मी एकाकडेही बघितलं नव्हतं. गुडघ्यावर बसून डांबराला बोट लावलं, तर ते पोळलं आणि वर तिळगुळाच्या पाकासारखी तार निघाली. उद्या याच वेळेला त्या माणसाचा उघडा पाय इथे चिकटणार, आणि त्याच्या पट्ट्यात ती काठी असणार. गेल्या वर्षी वीतभर चर होता, या वर्षी मी अख्खा रस्ताच त्याला नडेल असा करून ठेवला होता.

लपवावं असं क्षणभरही वाटलं नाही, याचं मला अजून बरं वाटतं. सायकल मारत नव्या पेठेत गेलो, गिऱ्हाइकांच्या देखत सगळं सांगून टाकलं. थोरल्यांनी हातातला कापडाचा तागा बाजूला ठेवला आणि माझ्याबरोबर निघाले. मागे धाकटा होताच. रस्त्यावर पोचल्यावर थोरल्यांनी चपला काढल्या आणि एक पाऊल टाकलं. पाय उचलताना चर्र आवाज झाला. ते खाली बघत उभे राहिले. त्यांचा चेहरा बघवेना.

"अण्णा," धाकटा पुढे झाला, "उद्या मी..."

"तुम्ही गप्प बसा!" मी ओरडलो. "उद्या हेच काठी धरणार. रस्ता मी देतो!"

तो दोन पावलं मागे सरला.

मग जी धांदल उडाली ती आठवली की अजून अंगात तरतरी येते. गल्लीत बातमी पसरली आणि घराघरांतून लोक चादरी घेऊन आले, नव्याकोऱ्या, घडीसुद्धा न मोडलेल्या. रस्त्यावर अंथरतो म्हणाले. मला भडभडून आलं आणि रागही आला. "उचला त्या!" मी ओरडत सुटलो. "घडीत पाय अडकला तर?" थोरले म्हणाले, "बरोबर बोलतंय पोरगं." साहेब होतो, त्याचं पोरगं झालं, पण त्या वेळी तेच गोड वाटलं.

डांबर जास्त झालं होतं, ते शोषून घेईल असं काहीतरी वर पसरायला हवं होतं. ते म्हणजे दगडाची बारीक कच. मी ट्रक घेऊन खाणीवर गेलो आणि तिथल्या माणसाच्या अक्षरशः हातापाया पडलो. कच आली. बायकांनी ती चाळून घेतली, कारण टोचणारा एक दाणाही नको होता. नुसती पिठासारखी भुकटी रस्त्यावर पसरली, रोलर फिरवला, झाडून काढली, पुन्हा पसरली. चादरीवाले लोकही चाळायला बसले. दिवे लागेपर्यंत रस्ता काळ्याचा राखाडी झाला. माझी पाटी गेली, पण चप्पल चिकटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बूट काढले. एका घरातून उंच बांबू मागून घेतला, पोटाशी धरला आणि मान वर करून चालायला लागलो. मागून मावशी आणि तिच्या बायका. मी चोरून खाली बघितलं की मावशी ओरडायची, "वर बगा साहेब, वर!" तळव्याला खडा टोचला की मी "आई गं!" म्हणायचो, आणि चार जणी तिथे झडप घालून तो खडा उपटून काढायच्या. गल्ली हसून हसून लोटपोट. तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला मी पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत एकदाही ओरडलो नाही आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग रस्ता गार राहावा म्हणून घरोघरच्या घागरींनी पाणी शिंपडलं.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा लांबून "हर्र बोला हर्र" ऐकू आलं. माड्या माणसांनी भरल्या होत्या. पांढऱ्या बाराबंद्या घातलेल्या काठीवाल्यांची रांग वळणावर दिसली आणि घरांच्या वरून शेंडे पुढे सरकू लागले. टप्प्याच्या तोंडाशी काठी थोरल्यांच्या पट्ट्यात आली. त्यांनी हात बसवले, मान वर केली. या वेळी मी मात्र शेंड्याकडे बघितलं नाही. फक्त त्यांच्या पायांकडे बघत होतो.

आणि तेव्हा मला धाकटा दिसला. तो भावाच्या समोर दोन पावलांवर, रस्त्याकडे पाठ करून, उलटा चालत होता. तोही त्यांच्या पायांकडेच बघत होता. "निधान, अण्णा, निधान," कानडीत सारखा म्हणत होता, सावकाश, सावकाश. काल त्याला हेच सांगायचं होतं, आणि मी त्याचं तोंड बंद केलं होतं. मला माझी इतकी लाज वाटली की सांगता येत नाही.

चराची जागा आली. थोरल्यांचं उजवं पाऊल तिथे पडलं आणि थांबलं. त्यांनी तळव्याने जमीन चाचपली, एकदा, दोनदा. मग पाऊल उचललं. चिकटलं नाही! काठी सरळच्या सरळ. मावशी माझ्या खांद्यावर बुक्क्या मारत होती आणि मी मोठ्याने ओरडत होतो, काय ते देव जाणे.

टप्प्याच्या शेवटी पुढच्या माणसाने काठी घेतली. थोरले घामाने निथळत बाजूला आले. लोक पाठ थोपटत होते, गेल्या वर्षी हात गेले म्हणणारेही त्यांत होते. त्यांनी सगळ्यांसमोर कमरेचा पट्टा सोडला आणि वाकून धाकट्याच्या कमरेला बांधला. धाकटा नको नको म्हणत मागे सरत होता, पण त्यांनी गाठ मारलीच.

मला काही कळेना. मी गर्दीतून घुसून विचारलं, "अहो, काठी हलली नाही की! पट्टा तुमचाच आहे आता. देता कशाला?"

"द्यायचाच व्हता," ते धापा टाकत म्हणाले. "गुडघे ऐकंनात दोन वर्षं झाली. पण लोकांनी माझ्याकडनं काढून त्याला दिला असता, तर त्यानं तो कदीच बांधला नसता. मी वळखतो की त्याला."