नऊ वर्षं पहिल्या वर्षात

कॉलेजच्या ग्रंथालयाच्या दारात स्टुलावर बसणाऱ्या बाईला सगळी पोरं 'चेकपोस्ट' म्हणतात. तोंडावर मावशी, पाठीमागे चेकपोस्ट. तिला ते ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर आवडतंही. बाईचं काम एकच: दारातल्या यंत्राला कार्ड दाखवल्याशिवाय कुणाला आत सोडायचं नाही. नेमकं हेच काम तिनं नऊ वर्षांत कधी धड केलं नाही.

पोरं कार्ड विसरतात हो! परीक्षा दोन दिवसांवर आलेली, पोरगं दारात रडकुंडीला आलेलं, आणि मावशी त्याला परत धाडणार? छे! "डोकं तरी आणलंयस का घरून?" असं खेकसायची आणि स्वतःचं कार्ड यंत्राला टेकवून त्याला आत ढकलायची. मात्र आधी तिच्या वहीत नाव, तारीख आणि कारण लिहायचं. 'कार्ड धुण्यात गेलं.' 'बहिणीनं रागानं खिडकीतून फेकलं.' एक पोरगी तर दर दोन दिवसांनी लिहायची, 'कारण सुचत नाही, उद्या लिहिते.' दुपारी डबा खाताना मावशी ही कारणं वाचून एकटीच खिदळायची. अशा सात वह्या भरल्या.

यंदा नवे प्राचार्य आले. या गृहस्थांना आकड्यांचं भारी वेड. ग्रंथालयातली अभ्यासिका रिकामी करून तिथं जुन्या उत्तरपत्रिकांचं गोदाम करायचं त्यांनी मनात घेतलं होतं. "ग्रंथालयाचा उपयोग होतो ना? मग दाखवा आकड्यांत," म्हणाले. ग्रंथपालबाई बिचाऱ्या साध्या. त्यांनी यंत्रातल्या सगळ्या नोंदी काढल्या आणि पोरांच्या निकालाशी जुळवायला संगणक विभागातल्या आकडेवाल्याकडे दिल्या. जो जास्त येतो त्याला मार्क जास्त, एवढं दिसलं की विषय मिटला.

दिसलं भलतंच. शेकडो पोरं ग्रंथालयात पाऊल न टाकता झकास पास झालेली. आणि सगळ्यांत जास्त वेळा, म्हणजे तब्बल अकरा हजार वेळा आलेली विद्यार्थिनी नऊ वर्षं पहिल्याच वर्षात! एकाही विषयात पास नाही. प्राचार्यांना उकळ्याच फुटल्या. "बघा, इथं येऊन माणूस जागचा हलत नाही," म्हणाले आणि सोमवारी बैठक लावली.

ग्रंथपालबाई डोळे पुसत दारात आल्या. "मावशी, कोण हो ही बया? कार्ड नंबर चारशे सात."

मावशीनं गळ्यातलं कार्ड उलटं करून पाहिलं. चारशे सात! कार्डं निघाली तेव्हा फॉर्मात शिपायासाठी रकानाच नव्हता. क्लार्कनं वैतागून तिला प्रथम वर्षात टाकून दिलं होतं. शिक्षण म्हणाल तर सातवी, तीही काठावर.

घरी लेक भडकली. "आई, तू तोंड उघडू नकोस. कार्डाचा गैरवापर म्हणून काढून टाकतील. निवृत्तीला दोन वर्षं तर राहिलीत तुझी!"

"आणि पोरांनी बसायचं कुठे? तू कुठे बसून नर्स झालीस गं? या एका खोलीत?"

लेकीनं खुंटीवरची आपली पिशवी काढली. म्हणाली, "सात वह्या तुझ्या पिशवीत मावायच्या नाहीत. माझी घे."

सोमवारी मावशीनं बैठकीच्या टेबलावर वह्या धाडकन आपटल्या. आवाज ठणठणीत होता. "साहेब, ती नापास बया मीच. आणि माझ्या कार्डावर खरं कोण कोण आलं, ते यात त्यांच्याच अक्षरात आहे. जुळवा आता."

आकडेवाला दोन दिवस वह्यांत डोकं घालून बसला. मधूनच हसायचा. मावशीला यादीतून काढलं, वह्यांतली नावं घातली, आणि गणित साफ फिरलं. ग्रंथालयात न जाता पास झालेली म्हणत होते, ती पोरं तर तिथंच मुक्काम ठोकून होती. प्राचार्य आकड्यांपुढे मान तुकवणारे, एवढं मात्र खरं. गोदाम जिन्याखाली गेलं. मावशीची नोकरीही राहिली. पण नियम तो नियम, म्हणून तिला मेमो दिला आणि कार्ड काढून घेतलं. नवं आठवड्यानं मिळणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी दारात आली तर यंत्र तिलाच आत घेईना. मागून ती कारण न सुचणारी पोरगी आली. आज नेमकं तिच्या गळ्यात कार्ड होतं! तिनं ते यंत्राकडे नेलं आणि मध्येच थांबली. स्टुलावरची कोरी वही उचलून मावशीपुढे धरली.

"आधी कारण लिहा."

"चल, आगाऊ!" मावशी म्हणाली खरी, पण पेन घेतलं. नाव लिहिलं, तारीख लिहिली. मग जरा थांबून सावकाश लिहिलं, 'कार्ड पोरांना दिलं होतं.'

पोरीनं ते वाचलं, दोनदा वाचलं, आणि यंत्राला कार्ड टेकवलं.

"चालेल," ती म्हणाली. "जा आत."