सेव्ह करायची कुणाची रीत?

फाईल ‘सेव्ह’ कशी करायची यावरून दोन शहाण्या माणसांनी महिनाभर अबोला धरलेला तुम्ही कधी पाहिलाय का? आमच्याकडे धरला होता! तळेगावात आमचं एका खोलीचं सॉफ्टवेअर ऑफिस आहे, तिथं मी टायपिंग करते. माझं शिक्षण बारावी. पण तिथले किस्से असे, की एक सांगायला घेतला की मागचे चार आठवतात.

* * *

लोणावळ्याच्या बंगल्यांच्या बुकिंगचा प्रोग्राम लिहिला आमच्या प्रोग्रामर दत्तानं. त्याची रीत सरळ. जुनी फाईल पुसायची, त्याच जागी नवी लिहायची. एकदा पुसून झालं आणि लाईट गेली! लोणावळ्याहून बंगलेवाल्यांचा फोन, “शनिवारी कोण कोण येणार आहे हो?”

दत्ता शांतपणे म्हणाला, “सर, फाईल जागेवर आहे. आत काही नाही, एवढंच!”

* * *

शेजारच्या टेबलावरचा सलीम मात्र नवी फाईल बाजूला लिहितो आणि मगच जुनीच्या जागी ठेवतो.

मी म्हटलं, “मीसुद्धा नवं दही लागेपर्यंत जुन्यातलं वाटीभर राखून ठेवते.”

“बघ! मावशींना कळलं!” सलीम दत्ताला म्हणाला.

“मग मावशींनाच सीनियर करा की!”

* * *

सलीम फार दिवस फुशारला नाही. एकदा चिक्कीवाल्याच्या गिऱ्हाइकांची यादी सेव्ह करताना डिस्क भरली. त्याची बाजूची फाईल अर्धीच लिहून झाली आणि प्रोग्रामनं न तपासता तीच जुनीच्या जागी नेऊन ठेवली. चिक्कीवाल्याची गिऱ्हाइकं ‘प’ पर्यंतच उरली!

दत्तानं ऑफिसभर चिक्की वाटली. त्याच दुकानातली!

* * *

शेवटी साहेब वैतागले. “एकच लायब्ररी लिहा!” म्हणजे फाईल जपून बदलायचा कोड एकदाच लिहायचा आणि सगळ्या प्रोग्रामांनी तोच वापरायचा.

दत्ता उसळला, “त्यात एक चूक राहिली तर सगळे प्रोग्राम एकदम आडवे!”

“आणि आत्ता प्रत्येकात वेगळी चूक आहे, ते चालतं?” सलीमनं विचारलं.

“निदान आपापली आहे!”

सलीमनं एकट्यानंच लायब्ररी लिहिली, डिस्क तपासण्यासकट. दत्तानं बजावलं, “माझ्या प्रोग्रामांना हात लावायचा नाही.” तिथून अबोला.

* * *

मग आले औंढ्याचे आबा. गावातल्या जनावरांच्या लसींची यादी करायची होती, आणि तो प्रोग्रामही दत्ताचाच. जुनी वही वासरानं खाल्लेली! म्हणून आबा पाच दिवस माझ्याशेजारी बसून आठवून आठवून सांगत होते, “तांबडी गाय, डाव्या शिंगाला चीर. झालीया तिला लस.” यादी संपली की दुसऱ्याच दिवशी दुपारी जनावरांचे डॉक्टर गावात येणार, आणि कुणाला लस टोचायची ते या यादीवरून ठरणार.

शेवटची म्हैस टाईप केली, सेव्ह दाबलं आणि लाईट गेली. बॅटरी होती, पण साहेबांच्या पंख्याला जोडलेली!

“पोरी, गेलं का समदं?” आबांचा आवाज बारीक झाला. “मला पुन्यांदा न्हाई आठवायचं गं.”



सलीम महिन्यानं दत्ताशी बोलला. “खरं सांग, यात लायब्ररी घातलीस का?”

“मी? तुझी?” दत्ता मेणबत्ती शोधायला उठला.

ऑफिस बंद होईपर्यंत लाईट आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी यादी उघडली तेव्हा जुनी फाईल पुसलेलीच नव्हती; शेवटची म्हैस सोडून सगळी जनावरं जागेवर होती, आणि सलीमच्या टेबलावर दत्तानं चहा आणून ठेवला होता.