नवरदेव मारुतीत असेपर्यंत

लुधियान्यात आमच्या कारखान्यात मशीन चालू असलं की फोन ऐकू येत नाही, खिशात नुसता थरथरतो. त्या दुपारी तो थरथरला, थांबला, परत थरथरला... आणि मी घाबरलो. तसा मी कशानंही घाबरतो. बाहेर येऊन पाहिलं तर नांदेडहून लतीफचाचांचा फोन. चाचा म्हणजे मामाच्या बँडमधले ट्रम्पेटवाले. "भांजे," ते म्हणाले, "मास्तर गेले रे. जेवून जरा आडवे झाले, ते उठलेच न्हाई." मामाला सगळे मास्तरच म्हणायचे. मिळेल त्या गाडीनं निघालो, पण पोचलो तेव्हा राख सावडून झाली होती.

माझं गाव इस्लापूरकडचं. वर्गात उभं राहून धडा वाचायचा म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटायची, पोरं हसायची. नववीत मी शाळा सोडली तेव्हा बापानं बोलणंच टाकलं, आणि आईनं मला नांदेडला तिच्या भावाच्या घरी आणून सोडलं. मामानं शाळेचं काही विचारलं नाही. "फुंकता येतं का रे?" एवढंच म्हणाला, आणि तेही अर्धंच कळलं, कारण त्याच्या तोंडात पत्ती होती. क्लॅरनेटच्या तोंडाशी बांधतात ती वेताची पातळ पत्ती वाजवण्याआधी ओली करावी लागते. मामा ती तासभर आधीच गालात धरून बसायचा. मामी वैतागायची, "आधी तोंडातलं लाकूड काढा, मग नवऱ्यावानी बोला." सगळ्या पत्त्या तो सर्दीच्या मलमाच्या रिकाम्या डबीत ठेवायचा. त्यामुळं माझ्यासाठी आजही वाजवण्याला मलमाचा वास आहे.

आमच्याकडं लग्न लागायच्या आधी नवरदेवाला वाजतगाजत गावच्या मारुतीला नेतात. त्याला परण्या म्हणतात. बँड देवळापर्यंत दणकून वाजवतो आणि नवरदेव आत गेला की थांबतो. आत नारळ फुटतो, मुलीकडचे त्याला नवे कपडे चढवतात, कुणाचा तरी फेटा सुटतो... वेळ जातो. बाकीचे बँडवाले तेवढ्यात चहाला पळतात. मामा मात्र पारावर बसून हळू आवाजात वाजवायचा. एक ओळ. मग तीच ओळ परत. मग थांबून लतीफचाचांकडं बघायचा आणि चाचा तिला ट्रम्पेटवर उत्तर द्यायचे. सूर सरळ ठेवायचा नाही, रडू यायच्या आधी आवाज वाकतो तसा वाकवायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी सोळा वर्षांचा असेन, खांद्याला झांजा लटकवून उभा होतो. नेहमीची भीती उतरत गेली ती मला कळली. हे कुठलं गाणं, असं विचारलं तर मामा म्हणाला, "गाणं न्हाई. ह्याला ब्लूज म्हणतेत." तरुणपणी तो सिकंदराबादला एका क्लबातल्या बँडमध्ये वाजवायचा, तिथल्या म्हाताऱ्या सॅक्सोफोनवाल्यानं त्याला हे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं वाजवणं शिकवलं होतं. "दुःख दोनदा सांगायचं आन् तिसऱ्या वेळी त्याला उत्तर द्यायचं. उत्तर न्हाई दिलं तर नुसतं रडगाणं होतंय," मामा सांगायचा.

देगलूरकडच्या एका लग्नात नवरदेवाचा चुलता तावातावानं आला होता. "ओ मास्तर, लग्नात हे मयताचं काय वाजवून राहिले?"

"मयताचं न्हाई दाजी. वाट बघायचं हाय. पोरगं आत एकटं गेलंय, आता जे बाहेर यील ते बायकोचं होऊन यील."

चुलत्यानं देवळाच्या दाराकडं पाहिलं. मग म्हणाला, "तसं हाय व्हय... मग लांबवा जरा."

त्यानंतर कधीतरी लातूरच्या एका कॉलेजात पाहुण्यांच्या स्वागताला आमचा बँड बोलावला होता. वाजवून झालं, आम्ही सामान आवरत होतो, आणि आतल्या स्टेजवर गिटारवाल्या पोरांची तालीम चालू झाली. मी झांजा हातात घेऊन तसाच उभा राहिलो. ते मारुतीपुढचं होतं. तीच ओळ दोनदा, तसाच वाकलेला सूर. मी मामाची बाही ओढली. त्यानं कान दिला आणि त्याचा चेहरा फुलला, आणि "अरे, हे तर आपले पाव्हणे निघाले," असं म्हणत तो बँडच्या लाल कोटातच स्टेजवर चढला. पोरं आधी हसली, मग सरकून जागा दिली, मग वाजवताना कुणी कुणाला सोडेना. शेवटी एका पोरानं मोबाइल काढून मामाच्या कानात इअरफोन घातले. अमेरिकेतली कोण जुनी बाई गात होती. मामानं डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाला, "हिच्याबी गावात पाणी लई लांबून आणावं लागत असंल." परतताना टेम्पोत मी त्या पोरानं पाठवलेली गाणी एकामागून एक ऐकत होतो. माझी भीती जगात आणखी कुणाकुणाला होती आणि त्यांनी तिचं हे गाणं केलं होतं...

मामानं मग मला क्लॅरनेट शिकवलं. घरी तो दोन ओळी वाजवून थांबायचा आणि मी उत्तर द्यायचो, अडखळत का होईना. पण मारुतीपुढं, माणसांत, तो माझ्याकडं बघायचा तेव्हा माझी जीभ परत टाळूला चिकटायची. त्यानं माझ्या वाटचं उत्तर कधी स्वतः वाजवलं नाही, चाचांनाही वाजवू दिलं नाही. "यील," म्हणायचा. पुढं डीजेमुळं सुपाऱ्या कमी झाल्या आणि ओळखीच्या एका ट्रकवाल्या सरदारजीनं मला लुधियान्यात कामाला लावलं. फोनवरही मामा दोन ओळी वाजवायचा, मी खोलीत बसून तिसरी. माणसांतलं उत्तर मात्र राहूनच गेलं.

तेरवीच्या दुसऱ्याच दिवशी अर्धापूरचं लग्न होतं. मामी म्हणाली, "त्यांनी घेतलेली सुपारी हाय, मोडायची न्हाई," आणि क्लॅरनेट, डबी माझ्यापुढं ठेवली. मी चाचांना म्हणालो, गाणी वाजवतो, पण मारुतीपुढं गप्प राहू. ते ट्रम्पेट पुसायला लागले. मांडवाला केळीचे खांब होते, घडांसकट. परण्या निघाला, देवळाशी पोचला, नवरदेव आत गेला आणि बँड थांबला. चाचा पारावर बसले, ट्रम्पेटच्या कर्ण्यावर तळवा धरला आणि मामाची ओळ वाजवली. परत वाजवली. मग थांबून माझ्याकडं बघायला लागले, अगदी मामासारखं, घाई नसल्यासारखं. वऱ्हाडही बघायला लागलं. जीभ चिकटली होतीच. पण पत्ती ओली होती आणि तोंडात मलमाची चव होती. मी फुंकलं. पहिला सूर हलला, खाली घसरला... मी त्याला सरळ केलं नाही. तिथूनच पुढं गेलो आणि कुठंतरी पोचलो.

चाचांनी रुमालानं तोंड पुसलं. "जल्दी निपटाया रे भांजे. नवरदेव आत्ता कुठं आत गेलाय. चल, परत घे."

आता लुधियान्यात थंडी पडली आहे. उन्हाळ्यातल्या सुपाऱ्यांना येतो, असं चाचांना कळवलंय आणि इकडं रजेचंही बोललो आहे. डबी उशाशी असते. सुट्टीच्या दिवशी सकाळीच पत्ती गालात धरतो, मग खोलीतला पंजाबी दोस्त काही विचारतो आणि मी तसाच बोलतो. त्याला काही कळत नाही. मी तेच परत सांगतो, आणि तो काय म्हणतो त्याची वाट बघतो.