वहीची उजवी बाजू

मंडळी, आज बिदरात चित्रकलेची वही घ्यायला गेलो होतो. आकार दाखवायला जुनी वही सोबत नेली. दुकानातल्या पोरीनं ती चाळली अन् म्हणाली, "अप्पा, ही तर निम्मी कोरीच हाय की. नवी कामून घ्यायलाव?"

मी पैसे देऊन वही घेतली अन् निघालो. कारण तुम्हाला सांगतो.

हैदराबाद राज्य होतं तवा मी हुलसूरच्या शाळेत सातवीत होतो. कागदाची टंचाई, म्हणून चित्रकलेचे मास्तर दोघांत एक वही द्यायचे. माझा जोडीदार रहीम. त्याला उर्दूची सवय, तो वही उजवीकडून उघडायचा, मी डावीकडून. दर आठवड्याला आम्ही वेलबुट्टीची एक किनार काढायचो. मास्तर बजावायचे, "मधल्या पानावर दोघांची वेल जुळली पाहिजे. न्हाईतर दोघांनाबी मार्क न्हाईत."

मधलं पान यायला चार पानं उरली होती, तवाच रहीमचं घर हैदराबादला गेलं. वही माझ्याकडं देत तो म्हणाला, "मेरे पन्ने नक्को भर रे, मैं आको भरतूँ." म्हंजे, मी येऊन भरतो.

पुढं मीही चित्रकलाच शिकवली. वर्गातल्या पोरांवर ओरडायचो, पान वाया घालवू नका म्हणून. माझ्या वहीची उजवी बाजू मात्र कोरीच राहिली, दर वहीची.

घरात आता मी एकटाच. आज दुपारी नवी वही उजवीकडून उघडली, पेन्सिल टेकवली, अन् मिटून ठेवली. उद्या रहीम आला तर काय म्हणंल?

तुम्हीच सांगा, भरू का ती पानं?