मधाचा वास

स्कॉटलंडमधल्या व्हिस्कीच्या कारखान्यात गाईडबाई डोळे मिटून ग्लास हुंगत होती. तरुणपणी मी अगदी अश्शीच नवऱ्याचा शर्ट हुंगायचे. बडीशेप चघळून आला तरी दारातच पकडायचे. काय तो नाकाचा तोरा! "अगं, एकदा नीट वास तर घे, मधासारखा येतो," तो विनवायचा. आणि ही शहाणी नाकाला पदर लावून त्याची बाटली मोरीत ओतायची.

"आजी, गाईड म्हणते तसा आला का मधाचा वास?" नातीनं माझ्या हातातल्या ग्लासाकडे बघत विचारलं.

कुठला मध! सत्तरीनंतर मेल्या नाकानं कामच सोडलंय. तीनदा हुंगलं, तरी ग्लासात नुसतं पाणी असावं तसं. आणि ज्याला विचारावं, तो तर केव्हाच गेला.

"राहू दे आजी, पिऊन टाक."

"गप गं," मी खेकसले, "अजून एकदा हुंगू दे."